आधी लॉग वाच

प्रिय मंजिरी,

"सर्व्हर भाड्याने घेतलाय, आता कुठला कोर्स करू?" एवढंच तू विचारलंस. दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण गेलं वर्षभर मी याच उद्योगात आहे आणि हाती जे लागलंय ते मेसेजमध्ये मावत नाही. म्हणून हे पत्र.

बाबांच्या पक्षीनोंदींच्या वह्या तू पाहिल्या आहेस. त्या स्कॅन करून मी एका फुकट सेवेवर ठेवल्या होत्या. महिन्याभराची नोटीस देऊन ती सेवा बंद झाली. तेव्हाच ठरवलं की यापुढे ही पानं माझ्याच सर्व्हरवर, म्हणजे कायम नेटला जोडलेल्या अशा मशीनवर राहतील, ज्याची किल्ली माझ्याकडे असेल.

कोर्स आत्ताच नको. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून कुठलं लिनक्स घ्यावं यावर वाचत बसू नकोस. उबुंटू किंवा डेबियनची दीर्घकाळ सपोर्ट असलेली आवृत्ती घे आणि तो विषय संपव. ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम, म्हणजे वेब सर्व्हर, अपाचे घ्यावा की एन्जिनएक्स, हाही तसाच प्रश्न. अपाचे १९९५ पासून आहे. एन्जिनएक्स इगोर सिसोएव्हने २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. एकाच मशीनने एकाच वेळी दहा हजार कनेक्शन्स कशी सांभाळायची, हा त्या काळातला मोठा प्रश्न होता आणि तो सोडवण्यासाठीच त्याने एन्जिनएक्स लिहिला. आपल्यासारख्यांच्या साइटला दोन्ही पुरून उरतात. मी एन्जिनएक्स घेतला, कारण त्याची कॉन्फिग, म्हणजे सेटिंग्जची फाइल मला वाचल्या वाचल्या समजली.

पहिल्या संध्याकाळी एकच काम कर. एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायची सुरक्षित वाट. तिची की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी किल्ली बनव, तिचा पब्लिक भाग सर्व्हरवर टाक आणि पासवर्डने लॉगिन होणं बंद कर. ते बंद करताना एक टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, चालू ठेवायचा, दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघायचं आणि जमलं तरच पहिली खिडकी बंद करायची. नको ती कनेक्शन्स अडवणाऱ्या फायरवॉलचंही तेच. आधी एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट, म्हणजे दार, मोकळा करायचा, मग वेबचे ८० आणि ४४३, आणि सगळ्यात शेवटी फायरवॉल चालू. मी हा क्रम उलटा केला होता आणि स्वतःच्याच सर्व्हरच्या बाहेर अडकले होते. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांच्या कंट्रोल पॅनलमध्ये थेट मशीनसमोर बसल्यासारखा कन्सोल होता, त्यातून आत शिरता आलं. तुझ्याकडचा कन्सोल कुठे आहे ते आजच शोधून ठेव.

मग लॉगिनचा लॉग, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहीत असलेली नोंदवही, उघडून बघ. मी उघडला तेव्हा हादरले होते. सर्व्हर चालू होऊन तास झाला नव्हता आणि कोणीतरी 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशा नावांनी सतत दार ठोठावत होतं. वेब सर्व्हर चालू केल्यावर त्याच्या लॉगमध्येही तेच दिसलं. साइट बनवायचा वर्डप्रेस हा प्रोग्राम माझ्याकडे नाही, तरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागणाऱ्या ओळी, आणि पासवर्ड जिथे लिहून ठेवतात ती 'डॉट एन्व्ह' फाइल मागणाऱ्या ओळी. यात तुझ्यावर किंवा माझ्यावर कोणाचा डोळा नसतो. आयपीव्ही४ पद्धतीने इंटरनेटवरच्या मशीन्सना मिळणारे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन दाखवलं, ते एका मशीनवरून, वेगवान कनेक्शन असेल तर, ४५ मिनिटांच्या आत हे सगळे पत्ते चाळून काढतं. म्हणजे तुझा पत्ता कोणी शोधत नसलं तरी तो सापडतोच. पासवर्ड बंद असला की ती ठोठावणी नुसता आवाज उरते. पण तो आवाज एकदा कानावर पडलेला बरा.

आता मला जे खरं सांगायचंय ते. काही बिघडलं की हात कीबोर्डवर जायच्या आधी डोळे लॉगवर गेले पाहिजेत. हे मला दोन प्रसंगांनी शिकवलं.

पहिला असा. वह्यांची पानं मी माझ्या होम फोल्डरमध्ये टाकली, एन्जिनएक्सला तो पत्ता दिला, ब्राउझर उघडला तर ४०३, मनाई. नेटवर शोधलं की एक सल्ला हमखास मिळतो: परमिशन ७७७ करून टाक. मीही करणार होते. ७७७ म्हणजे मशीनवरच्या प्रत्येक युजरला वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. घराची सगळी दारं काढून ठेवण्यासारखं. कमांड टाइपही केली होती. एंटर दाबण्याआधी एरर लॉग बघितला. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं, '१३: परमिशन डिनाइड', आणि पुढे त्या फाइलचा पूर्ण पत्ता. मी फाइलची परमिशन बघितली, ६४४, म्हणजे कोणालाही वाचता येईल अशी. तिच्या फोल्डरची ७५५. दोन्ही बरोबर. मग अडतंय कुठे? पत्ता मागे मागे तपासत गेले. माझं होम फोल्डरच ७५० होतं. उबुंटूने २०२१ पासून नव्या युजरचं होम फोल्डर इतरांसाठी बंद ठेवायला सुरुवात केलीय, आणि ते योग्यच आहे. एन्जिनएक्सचे वर्कर, म्हणजे पानं पुरवायचं काम करणारे त्याचे भाग, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' नावाच्या वेगळ्या, मुद्दाम दुबळ्या ठेवलेल्या युजरच्या नावाने चालतात. त्या युजरला आतल्या खोलीची परवानगी होती, पण अंगणातूनच आत येता येत नव्हतं. फोल्डरवरचा 'एक्झिक्यूट' म्हणजे त्यातून पलीकडे जाण्याची परवानगी, हे मला त्या दिवशी समजलं आणि ते आता विसरणं शक्य नाही. पानं 'व्हार' मधल्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' फोल्डरात हलवली, साइट उघडली. बाबांच्या अक्षरातलं तांबटाचं पान समोर आलं आणि मी बराच वेळ ते नुसतं बघत राहिले.

दुसरा प्रसंग चार महिन्यांनी, पहाटेचा. साइटवर शोधण्याची सोय केली होती, ती ५००, म्हणजे सर्व्हरच्या आत बिघाड असल्याची एरर, देऊ लागली. डेटाबेस लिहायला नकार देत होता. डिस्क बघितली: १०० टक्के भरलेली. भरलं कशाने? एन्जिनएक्सचे लॉग मी त्याच्या नेहमीच्या जागी न ठेवता माझ्या वेगळ्या फोल्डरात ठेवले होते. जुने लॉग बांधून बाजूला काढणारा लॉगरोटेट फक्त नेहमीची जागा बघत होता, माझ्या फोल्डराकडे त्याचं लक्षच नव्हतं. लॉग फुगत गेला. मी ती भलीमोठी फाइल डिलीट केली. पुन्हा डिस्क बघितली. तरीही १०० टक्के!

इथे मी घाबरले, खरंच सांगते. फाइल नाही, फोल्डरांची बेरीज केली तर निम्मी डिस्क रिकामी, आणि सिस्टिम म्हणते जागा नाही. मशीन रीस्टार्ट करायचा मोह झाला. रीस्टार्टने काम झालंही असतं, पण कारण कळलं नसतं. तासभर वाचल्यावर उलगडा झाला. लिनक्समध्ये फाइलचं नाव आणि फाइल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. डिलीट केल्यावर नाव पुसलं जातं. पण एखाद्या प्रोग्रामने ती फाइल उघडून धरलेली असेल तर तो सोडेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही. एन्जिनएक्स त्या बिननावाच्या फाइलमध्ये अजून लिहीतच होता. 'एलएसओएफ' ही कमांड कुठल्या प्रोग्रामने कुठली फाइल धरलीय ते सांगते. तिने ती ओळ दाखवली, शेजारी कंसात 'डिलीटेड'. एन्जिनएक्सला लॉग नव्याने उघडायला सांगितलं, आणि त्या क्षणी डिस्क ४६ टक्क्यांवर आली. चालू लॉग पुसायचा नसतो, तो रिकामा करायचा असतो. आणि तू लॉग वेगळीकडे ठेवलेस तर लॉगरोटेटला तो पत्ता सांग.

कॉन्फिग बदललीस की लगेच रीस्टार्ट नको. आधी चाचणीची कमांड चालव. कुठल्या ओळीत अर्धविराम राहिलाय तेही ती सांगते. मग रीलोड. रीलोडमध्ये जुने वर्कर हातातली कामं संपवून निरोप घेतात आणि नवे वर्कर नवी कॉन्फिग घेऊन उभे राहतात, वाचकाला काही जाणवत नाही. कॉन्फिगचं फोल्डर पहिल्या दिवसापासून गिटमध्ये ठेव, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहील.

ब्राउझरने साइट सुरक्षित मानावी यासाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं घे, फुकट आहे. सध्या त्याची मुदत ९० दिवसांची असते आणि पुढे ती आणखी कमी होणार आहे, त्यामुळे नूतनीकरण आपोआपच झालं पाहिजे. माझं होत होतं, तरी एके दिवशी ब्राउझरने साइट असुरक्षित ठरवली. डिस्कवर नवं सर्टिफिकेट तयार होतं, पण एन्जिनएक्सच्या मेमरीत जुनंच होतं, कारण नूतनीकरणानंतर रीलोड करायला मी कोणालाच सांगितलं नव्हतं. सर्टिफिकेट आणणाऱ्या सर्टबॉट या प्रोग्राममध्ये त्यासाठी हुक, म्हणजे नूतनीकरणानंतर आपोआप चालणारी कमांड, असतो, तो लाव. मुदत संपत आल्याची आठवण करून देणाऱ्या ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केल्यात, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवणारी काहीतरी सोय स्वतःच कर.

बॅकअपबद्दल फक्त इतकंच, की तो दुसऱ्या मशीनवर घे आणि महिन्यातून एकदा त्यातून साइट पुन्हा उभी करून बघ. मी पहिल्यांदा करून बघितली तेव्हा वह्यांची चित्रं होती, नोंदींचा डेटाबेस नव्हता. बॅकअप रोज रात्री बिनतक्रार होत होता आणि मी निर्धास्त होते. त्या वेळी मूळ मशीन शाबूत होतं म्हणून बाबांच्या नोंदी आज आहेत.

पहिला वेब सर्व्हर सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत, वेबचा जनक टिम बर्नर्स-लीच्या नेक्स्ट कॉम्प्युटरवर चालायचा, १९९० च्या शेवटापासून. त्यावर त्याने लाल शाईने चिठ्ठी लिहून चिकटवली होती, हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. त्या चिठ्ठीचा फोटो मला फार आवडतो. तेव्हा सगळं वेब एका टेबलावर होतं आणि कोणीतरी त्याची काळजी घेत होतं. आपण तेच करतोय गं.

तुझ्या मशीनवर काय ठेवणार आहेस ते तू लिहिलंच नाहीस. ते कळव. आणि पहिली एरर आली की मला "साइट चालत नाही" असं लिहू नकोस, स्क्रीनशॉटही नको. एरर लॉगची शेवटची ओळ जशीच्या तशी पाठव, रात्री कितीही वाजता. मी जागी असेन तर तेव्हाच बघू, नाहीतर सकाळी.

तुझी,
वृषाली