झिंक घातलं, पण बाहेर किती आलं?

मा. संपादक,
हाड भरून काढायच्या नव्या मटेरियलची बातमी आली की झिंक घातलं, स्ट्रॉन्शियम घातलं एवढंच छापून येतं, पण त्यांचे आयन, म्हणजे मटेरियल विरघळताना सुटणारे विद्युतभारित कण, बाहेर किती आणि कधी येतात हे कुणी लिहीतच नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. हाड भरायला वापरतात त्या कॅल्शियम-फॉस्फेटच्या मटेरियलपैकी हायड्रॉक्सीॲपेटाइट फार हळू विरघळतं, बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्यापेक्षा लवकर, आणि त्यात मॅग्नेशियम शिरलं की ते उलट कमी विरघळतं! थोडं झिंक हाड बनवणाऱ्या पेशींना मदत करतं, जास्त झालं तर त्याच पेशी मरतात.

शिवाय हाड खाणाऱ्या पेशी, म्हणजे ऑस्टिओक्लास्ट, स्वतःच्या खाली ॲसिड सोडतात, तिथे पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं ॲसिड जास्त) ४.५ च्या आसपास उतरतो आणि लॅबमधली टेस्ट मात्र बरेचदा ७.४ च्या द्रावणात, तीही बंद डबीत, जिथे सुटलेले आयन साचून राहतात, शरीरात तर रक्त ते वाहून नेतं. मग हे आकडे पेशंटला सरळ कसे लावायचे? कृपया पुढच्या बातमीत किती आयन, किती दिवसांत, कुठल्या पीएचला एवढं तरी संशोधकांना विचारून छापा.

– एक वाचक