वीस गुणांचा खुलासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली मुख्याध्यापकांच्या परिसंवादाची बातमी वाचली. 'शिक्षक चांगला असला की निकाल आपोआप लागतो' यावर सर्वांचे एकमत झाले म्हणे. व्यासपीठावर एकही वर्गशिक्षक नव्हता, तेव्हा एकमत व्हायला अडचण आली नसावी.

मी एकोणतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाले. २०१९ ला मंडळाने दहावीच्या भाषेचे तोंडी परीक्षेचे २० गुण काढून घेतले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. आमच्या शाळेत माझ्या विषयात अकरा मुले उडाली. शाळा उघडली त्याच आठवड्यात शिपाई भर वर्गात कागद घेऊन आला : 'आपल्या विषयाचा निकाल खालावल्याबाबत तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.' वीस गुण गेले, असा एका ओळीचा खुलासा मी दिला. त्यावर लाल शाईत शेरा, 'समाधानकारक नाही.'

पुढच्या वर्षी वीस गुण परत आले. राज्याचा निकाल ९५.३० टक्के, माझ्या विषयाचा शंभर. सर तेच, मी तीच, समासांचा तक्ताही तोच, कोपरा फाटलेला. टाळेबंदीमुळे शाल-श्रीफळ हुकले, पण शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'गुणवंत शिक्षिका' म्हणून माझा फोटो झळकला. वर्षभरात बाई एवढ्या कशा सुधारल्या, याचा खुलासा मात्र कोणी मागितला नाही. मी तो लिहून तयार ठेवला होता.

बरे, शंभर टक्के लागतात कसे, तेही सांगते. दहावीचा निकाल नववीतच लावतात. जो मुलगा अडेल असे वाटते त्याच्या पालकांना बोलावून गोड आवाजात सांगायचे, 'दाखला न्या, सतरा नंबरचा फॉर्म भरा.' मुलगा बाहेरून बसला की शाळेच्या टक्केवारीत त्याचा उपद्रव नाही. माझ्या वर्गातला एक असाच गेला. ऱ्हस्व-दीर्घाशी त्याचे उभे वैर, पण गोष्ट सांगायला उभा राहिला की मागचा बाकसुद्धा गप्प. तोंडीला मी त्याला वीसपैकी एकोणीस दिले असते. फॉर्मची तारीख त्याच्या वडिलांना कळलीच नाही. परिसंवादात याबद्दल कोणी बोलले असेल, तर आपल्या बातमीत तरी ते आलेले नाही.

आणि हो, त्याच बातमीखाली अर्धे पान क्लासची जाहिरात होती. हसऱ्या मुलांचे फोटो, खाली टक्के. ती मुले दिवसभर कुठल्या शाळेत बसतात, याचा पत्ता नाही. म्हणजे मूल पहिले आले तर क्लासचे आणि नापास झाले तर बाईंचे!

माझे मागचे पत्र आपण छापलेत, आभारी आहे. पण नेमका मधला परिच्छेद कापलात. या वेळी जागा कमी पडली तर फोटोचे कौतुक खुशाल कापा. सतरा नंबरचे तेवढे राहू द्या.

एक निवृत्त मराठी शिक्षिका,
जि. सातारा