डार्विनच्या घरी गेलात, तर आधी बागेत जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लंडनच्या आग्नेयेला, डाउन या गावात चार्ल्स डार्विनचे 'डाउन हाउस' हे घर आहे. १८४२ पासून १८८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तिथेच राहिला. त्यानंतर काही काळ तिथे मुलींची शाळा भरली, १९२९ मध्ये संग्रहालय झाले आणि १९९६ पासून ते ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थेच्या ताब्यात आहे. ही वास्तू नुकतीच पाहून आलो, त्याविषयी एक सूचना करावीशी वाटते.

येणारी बहुतेक मंडळी थेट अभ्यासिका गाठतात. चाके लावलेल्या खुर्चीत बसून, तिच्या हातांवर आडवी फळी टाकून तो कसा लिहीत असे, हे पाहण्याची ओढ मलाही होतीच. परंतु अभ्यासिकेत दिसते ते लिखाणाचे ठिकाण. ज्यावर लिहायचे, ते बरेचसे बाहेर बागेत घडत होते. तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद असा जमिनीचा एक तुकडा साफ करून त्यात आपोआप उगवणाऱ्या तणाची रोपे त्याने मोजली. ३५७ पैकी २९५ रोपे मेली, आणि तीही मुख्यत्वे गोगलगायी व किडे यांच्या तोंडी पडून. जगण्याच्या झगड्यावर 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या १८५९ च्या ग्रंथात त्याने जे लिहिले, त्याला आधार होता तो या चटईएवढ्या वाफ्याचाही. तसा वाफा आज तिथे पुन्हा केलेला आहे. माहिती नसलेल्या माणसाला माळ्याची हयगय वाटावी, असाच तो दिसतो!

कीटकभक्षी वनस्पतींचे काचघर, दगड गांडुळांमुळे जमिनीत किती खचतो हे मोजण्याची जागा आणि 'सँडवॉक' ही झाडीभोवतीची पायवाट, हे सारे असेच निवांत पाहण्याजोगे आहे. या वाटेवर किती फेऱ्या झाल्या हे लक्षात राहावे म्हणून तो गारगोट्यांचा ढीग करी आणि दर फेरीला एक गारगोटी पायाने उडवी. पियानोचे सूर ऐकून ढिम्म राहणारी गांडुळे, त्यांची कुंडी पियानोवरच ठेवली की सूर उमटताच बिळात शिरतात, हे मात्र त्याने घरात पाहिले. तेव्हा घराला अगदीच कमी लेखू नये.

कपाटातली वस्तू एकदा बंद केली की टिकते. तणाचा वाफा मात्र वेळच्या वेळी साफ करून पुन्हा उगवू द्यावा लागतो आणि काचघरातली रोपे रोज पाहावी लागतात. या जतनाची दखल पाहुण्यांकडून क्वचितच घेतली जाते, म्हणून हा पत्रप्रपंच. जाणाऱ्यांनी निम्म्याहून अधिक वेळ बागेसाठी राखावा, आणि पाऊस नुकताच पडून गेला असेल, तर हिरवळीवर गांडुळांनी वर आणून टाकलेले मातीचे बारीक ढीग पाहायला विसरू नये.

आपला,
एक वाचक