‘डेथ नोट’ वाचनालयात राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पत्रसदरात एका पालकांनी ‘डेथ नोट’ ही जपानी चित्रमालिका वाचनालयांतून काढून टाकण्याची मागणी केली आहे. नायक खुनी, दिसायला देखणा, आणि मुलं त्याची बाजू घेतात, हा त्यांचा आक्षेप. आक्षेप खरा आहे. मुलांचं काय घेऊन बसलात, मीही त्याची बाजू घेतली, आणि माझं वय ६८ आहे.

मी फौजदारी कोर्टात ३१ वर्षं लिपिक होतो. एवढी वर्षं आरोपींची नावं लिहिण्यात गेली. त्यामुळे ‘नाव लिहिलं की माणूस मरतो’ अशी वही असलेलं पुस्तक अकरावीतल्या नातीच्या हातात दिसलं, तेव्हा मागून घेतलं. सवयीने डावीकडून उघडलं. “आबा, शेवटापासून सुरू केलंत,” ती म्हणाली. जपानी पुस्तक उजवीकडून वाचायचं असतं.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. त्सुगुमी ओबा यांचं लेखन, ताकेशी ओबाता यांची चित्रं; २००३ ते २००६ या काळात ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकात १०८ प्रकरणं छापून आली. लाइट यागामी हा वर्गात पहिला येणारा, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा. एका कंटाळलेल्या मृत्युदेवाने खाली टाकलेली वही त्याला शाळेच्या आवारात सापडते. चेहरा डोळ्यांसमोर आणून नाव लिहायचं. मृत्यूचं कारण लिहिलं नाही, तर माणूस ४० सेकंदांत हृदय बंद पडून जातो. चेहऱ्याची अट अशासाठी, की त्याच नावाचा दुसरा कुणी मरू नये. इथे मी थबकलो. आमच्याकडे एकदा वॉरंटवर भलताच माणूस आणला गेला होता. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच, भावकीतलाच. दोन रात्री आत बसला बिचारा. वॉरंटवरचं अक्षर माझं होतं. त्या बाबतीत मृत्युदेवाची वही आमच्या रजिस्टरपेक्षा बरी म्हणायची.

लाइट आधी गुन्हेगारांनाच मारतो आणि लोक त्याला ‘किरा’ म्हणून पुजू लागतात. माझीही मान डोलत होती. तारखांवर तारखा पाहिलेल्या माणसाला ४० सेकंदांचा निकाल गोड लागणारच.

खरी गोष्ट दुसऱ्या भागात आहे. नाओमी मिसोरा नावाची बाई पोलीस मुख्यालयात येते. तिच्या होणाऱ्या नवऱ्याला लाइटने मारलंय. तो अमेरिकी तपास यंत्रणेचा माणूस होता, गुन्हेगार नव्हता. किराचा माग लागेल असं काहीतरी तिच्या लक्षात आलंय आणि तेच सांगायला ती आलीय. नेमका तिथे वडिलांचे कपडे पोहोचवायला आलेला लाइट तिला भेटतो. थंडीत दोघे रस्त्याने चालत राहतात. हा अगदी अदबीने बोलतो. ती नाव सांगते, हा गुपचूप लिहितो, घड्याळाकडे बघतो, काहीच होत नाही. नाव खोटं होतं. मग गोड बोलून तो तिच्याकडून ओळखपत्र काढून घेतो. आणि इथे, संपादकसाहेब, मी मनात म्हणत होतो, ‘दाखव बाई लवकर, नाहीतर पोरगा सापडेल.’ तिने वाहन परवाना पुढे केला तेव्हा मला हायसं वाटलं. पान उलटल्यावर ती पाठमोरी, मरायला निघालेली दिसली, आणि मग कळलं आपण कशाला हुश्श केलं ते.

मी मागे जाऊन पुन्हा पाहिलं. चौकटींमध्ये लाइटचे विचार आपल्याला एकामागून एक वाचायला मिळतात. नाओमीच्या डोक्यात आपण फारसे जातच नाही. ज्याची अडचण आपल्याला आधी कळते, त्याच्या बाजूला आपण सरकतो. आमच्या कोर्टात पहिला साक्षीदार बोलून गेला की बाकांवरच्या लोकांचं असंच व्हायचं.

संध्याकाळी नातीने विचारलं, “तुम्हालाही तो सुटावा असं वाटलं ना? सगळ्यांना वाटतं. म्हणून तर ते पान तसं काढलंय.” तिला हे माझ्याआधी कळलं होतं.

पत्रलेखक पालकांना वाटतं, की गुन्हेगाराला परस्पर संपवण्याचा विचार हे पुस्तक मुलांच्या डोक्यात भरतं. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांनी गोळ्या घालून मारले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. आमच्या कट्ट्यावर पेढे आले. मीही एक खाल्ला. २०२२ मध्ये न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने सांगितलं, की आरोपींवर जिवे मारण्याच्या हेतूनेच गोळीबार झाला आणि त्यांतले तिघे त्या वेळी अल्पवयीन होते. त्या दिवशी कट्ट्यावर हा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. पेढा खाताना मी ‘डेथ नोट’चं नावही ऐकलेलं नव्हतं.

चीनच्या संस्कृती मंत्रालयाने २०१५ मध्ये ३८ जपानी मालिका काळ्या यादीत टाकल्या, त्यांत ही होती. तसंच आपल्याकडे करायचं असेल तर पालकांनी निदान दुसरा भाग वाचून मग मागणी करावी. आणि परवान्याच्या त्या पानावर आपल्याला काय वाटलं, ते मुलांना खरं सांगावं. मला सांगायला दोन दिवस लागले.

वाचनालयातला पहिले चार भागांचा संच सध्या माझ्याकडे आहे. मुदत उलटून गेलीय, शनिवारी दंडासह परत करतो. त्या पालकांना हवा असेल तर त्यांच्या नावावर लावून ठेवायला सांगेन.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लिपिक, सातारा