खोकल्याच्या आधीचा ताप: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या आषाढात आम्ही बाजारातून दुसऱ्या वेताची म्हैस टेम्पोने घरी आणली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने पेंड अर्धवट सोडली आणि दूधही थोडे कमी दिले. जागा नवी आहे, रुळेल, अशी आम्ही समजूत करून घेतली. पहाटे धारेला गेलो तेव्हा ती मान पुढे ताणून, तोंड उघडे ठेवून श्वास घेत होती आणि नाकातून घट्ट शेंबूड लोंबत होता. डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, तो १०६ अंश फॅरनहाइट दाखवत होता. औषध दिले, पण फुप्फुसे आधीच भरून गेली होती. दुपारी ती गेली.

गाई-म्हशींचे नेहमीचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश असते. न्यूमोनियात खोकला व धाप दिसण्याच्या काही तास, कधी एक-दोन दिवस आधीच ताप चढलेला असतो. जनावर आजार अंगावर काढते, म्हणून तो डोळ्यांना कळत नाही; आणि औषधाचा खरा उपयोग होतो तो नेमका याच वेळेत. घटसर्प या गाई-म्हशींच्या जीवघेण्या साथरोगात तर लक्षणे दिसल्यावर कित्येकदा एक दिवसही हाती उरत नाही.

हा ताप टिपणारे सेन्सर आज उपलब्ध आहेत. काही कानात बसवतात, काही गोळीच्या रूपात गिळवतात आणि ते पोटात राहून आकडे पाठवतात. मात्र किती अंशांवर इशारा द्यायचा, याच्या परदेशातील मर्यादा जशाच्या तशा येथे लावून चालणार नाही. मे महिन्यात पत्र्याच्या गोठ्यात कानावरचा सेन्सर उन्हाचाच ताप मोजेल, तर जनावर गार पाणी प्यायले की पोटातल्या गोळीचा आकडा एकदम खाली येईल. शिवाय निरोगी जनावराचेही तापमान सकाळपेक्षा संध्याकाळी थोडे जास्त असते. म्हणून प्रत्येक जनावराची तुलना त्याच्याच मागील दिवसांशी आणि त्याच वेळी शेजारच्या दावणीवरील जनावरांशी व्हायला हवी. देवणी व लाल कंधारी या जातींच्या गाई आणि मराठवाडी म्हैस यांच्यासाठी हे निकष ठरवण्याचे काम परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे सोपवावे, अशी माझी पहिली विनंती आहे.

दोन-चार जनावरांच्या मालकाने प्रत्येकासाठी सेन्सर विकत घ्यावा, ही अपेक्षा मुळीच करू नये. बाजार, टेम्पोतील दाटी, प्रवासातील उपासमार आणि अनोळखी जनावरांची सरमिसळ यांनी जनावराची प्रतिकारशक्ती खचते, आणि त्यानंतरचे दोन-तीन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. तेव्हा गावच्या दूध संस्थेकडे काढून पुन्हा वापरता येतील असे सेन्सर ठेवावेत आणि नव्याने आणलेल्या जनावराला ते २१ दिवस लावावेत. एवढ्या मर्यादित वापरातही मोठा धोका टळेल, असे मला मनापासून वाटते.

पण खरी मेख पुढेच आहे. रात्री दोन वाजता इशारा आला आणि उचलायला कोणी नसेल, तर त्या यंत्राचा उपयोग काय? पशुधन विकास अधिकाऱ्यांची रिक्त पदे भरल्याशिवाय आणि हा इशारा जनावराच्या कानातील १२ अंकी बिल्ल्याच्या क्रमांकासह १९६२ या पशुवैद्यकीय दूरध्वनी सेवेशी जोडल्याशिवाय ही योजना जाहीर करू नये. इशारा म्हणजे निदानही नव्हे, कारण लम्पी, गोचिडांमुळे होणारा थायलेरिओसिस आणि कासदाह यांतही ताप येतो. आधी पशुपालकाने थर्मामीटरने खात्री करावी, मग डॉक्टरांनी तपासावे. केवळ इशाऱ्यावरून प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले जाऊ नये. म्हणूनच प्रत्येक गोठ्यात एक साधा थर्मामीटर आणि तो लावण्याचे प्रशिक्षण आजच द्यावे, त्यासाठी कोणत्याही प्रयोगाची वाट पाहण्याची गरज नाही. सेन्सर आले म्हणून पावसाळ्यापूर्वीचे घटसर्पाचे लसीकरणही एक दिवस लांबता कामा नये.

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तेथे खरेदी होणाऱ्या काही जनावरांपासून या प्रयोगाची सुरुवात करावी. त्यासाठी माझा गोठा खुला आहे. सध्या त्यात तीन म्हशी आणि एक देवणी कालवड आहे.

आपला,
लातूर जिल्ह्यातील एक पशुपालक