मोनास्तिरला गेलेल्या मनूस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. परवा जेवताना झालं त्याचा राग अजून आहे, एवढं मला त्यावरून कळलं. असू दे. तो विषय पुन्हा काढायला मी लिहीत नाहीये. मनगटाबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, असं आईला कबूल करून बसलोय.

ट्युनिशियाचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे आहे ना? म्हणजे तू सकाळी कोर्टवर उतरशील तेव्हा आमची जेवणं उरकलेली असतील. एकाच गावात दर आठवड्याला टेनिसची स्पर्धा, त्यामुळे विमानाचा खर्च एकदाच, हा तुझा हिशेब मला पटला होता. वरच्या काकूंना सांगितलं १५ हजार डॉलरची स्पर्धा आहे, तर म्हणाल्या, पोरगी बारा-तेरा लाख घेऊन येणार म्हणजे! ती रक्कम सगळ्यांत मिळून वाटली जाते आणि पात्रता फेरीत हरलं तर हाती काहीच लागत नाही, हे त्यांना समजावेपर्यंत चहा गार झाला. तरी पेढे आणते म्हणाल्या.

पैशाची काळजी तू करू नकोस. सुमित नागलने २०२३ मध्ये उघड सांगितलं होतं, देशातला पहिल्या नंबरचा खेळाडू असून खात्यात ९०० युरो उरलेत. पुढच्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्याने ३१व्या मानांकित बुब्लिकला हरवलं. तू तेव्हा सोफ्यावर उभी राहून ओरडलीस, ‘बघ बाबा, थांबायचं नसतं!’ मीही ओरडत होतो. पण त्याच नागलने २०२१ मध्ये खुब्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि त्यासाठी तो कितीतरी महिने खेळाबाहेर होता. तो थांबला होता, मनू. थांबला म्हणून परत आला.

घाई का आहे ते मला कळतं. रँकिंगचे गुण ५२ आठवडेच टिकतात, आणि गेल्या वर्षी याच दिवसांत कमावलेले आता गळणार. रँकिंग घसरलं की पुन्हा पात्रता फेरी, पुन्हा तीच खालची पायरी. हे मला पाठ आहे. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पोरं माझ्या मोबाइलभोवती जमतात, लाइव्ह स्कोअर बघतात. वागळे इस्टेटच्या त्या शेडमध्ये ब्रेक पॉइंट म्हणजे काय हे आता सगळ्यांना कळतं. स्कोअर पाच मिनिटं हलला नाही की ती म्हणतात, ‘नेट गेलं वाटतं.’ मला वाटतं, हिने फिजिओला बोलावलं.

आलोच शेवटी त्यावर. तू कुणाला सांगितलं नव्हतंस, पण बाल्कनीत वाळत टाकलेला तुझा टॉवेल टपटप गळत होता आणि खालच्या आजी तक्रार घेऊन वर आल्या. जी मुलगी लहानपणापासून कपडे पिळून काढायची, तिला टॉवेल पिळवत नाही? तेव्हाच ओळखलं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं डावं मनगट दोन हाती बॅकहँडमध्ये करंगळीच्या बाजूने दुखायला लागतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

डेल पोत्रो तुला आठवणार नाही, तू फारच लहान होतीस. २००९ ची यूएस ओपन फायनल, पाच सेट, समोर फेडरर, आणि हा विशीतला पोरगा जिंकला. नानांनी मला झोपू दिलं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याचं उजवं मनगट गेलं, मग २०१४-१५ मध्ये डाव्या मनगटावर तीन ऑपरेशनं. परत आला तेव्हा दोन हाती बॅकहँड मारायला धजत नव्हता, एका हाताने स्लाइस करत राहायचा. ते बघवत नव्हतं. डॉमिनिक थीमने २०२० ची यूएस ओपन जिंकली, पुढच्या जूनमध्ये मनगट दुखावलं, आणि ३१व्या वर्षी तो निवृत्त झाला. एवढे मोठे खेळाडू, सोबत डॉक्टरांचा ताफा, तरी ही गत. आणि तू एकटी, बॅगेत वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं. गोळीने दुखणं कळेनासं होतं, बरं होत नाही. आतली इजा वाढतच राहते आणि तुला वाटतं आज हात हलका आहे. तुझ्या वयात माणसाला वाटतं की शरीर...

लेक्चर झालं. माफ कर.

पावसाळ्यात कोर्ट बंद असायचं तेव्हा तू पार्किंगच्या भिंतीवर चेंडू मारायचीस. नाना खुर्ची टाकून मोजायचे आणि शंभराच्या आत चुकलीस की पुन्हा एकपासून. चेअरमननी भिंतीवर नोटीस लावली, ती नानांनी तुझ्यासमोर फाडली. शिवनेरीतून वाकडला उतरून बालेवाडीला जायचो, तेव्हा घाटात तू माझ्या खांद्यावर झोपायचीस, रॅकेटची बॅग मात्र मांडीवरची सोडायची नाहीस. मी घ्यायला गेलो की झोपेतच घट्ट धरायचीस. ती पकड माझ्या डोळ्यांसमोर आहे म्हणून मी इतका बोलतो. आत्या म्हणते तसं तुला अडवायला नाही. तू नोकरी धर असं मी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये बोपण्णाबरोबर एशियाडचं सोनं जिंकलं तेव्हा आई टीव्हीपुढे रडली. ती तुझ्यासाठी रडत होती, हे तुलाही माहीत आहे.

पहिल्या सामन्याआधी स्पर्धेच्या फिजिओला हात दाखव. दुखतं कुठे, कधीपासून, गोळ्या किती घेतल्यास, सगळं खरं सांग. एमआरआय करायचा म्हणाले तर नाही म्हणू नकोस. परतीचं तिकीट बदलावं लागलं तर त्याचे पैसे तुझ्या खात्यात टाकलेत, दादाला काही विचारू नकोस. आणि फिजिओ ‘खेळ’ म्हणाले, तर पट्टी नीट बांधून खेळ. मग मी मनगटाचं नाव काढणार नाही.

तुझा,
बाबा