पंखाचे टोक दिसत नाही, ठपका मात्र वैमानिकावर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

विमानतळावर दोन विमाने एकमेकांना घासली की वर्तमानपत्रात कोपऱ्यात चार ओळी येतात. शेवटची ओळ ठरलेली असते: ‘सुदैवाने जीवितहानी नाही.’ फार तर दुसऱ्या दिवशी वैमानिकांना कामावरून दूर केल्याचे कळते आणि विषय मिटतो. तो इतक्यात मिटू नये, म्हणून हे पत्र.

२७ मार्च २०२४ रोजी कोलकात्यात टॅक्सी करणाऱ्या, म्हणजे जमिनीवर स्वतःच्या इंजिनांवर चालत जाणाऱ्या, इंडिगोच्या विमानाचा पंख, धावपट्टीवर जाण्यासाठी थांबलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानाला लागला. नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने इंडिगोच्या दोन्ही वैमानिकांना ऑफ-रोस्टर केले, म्हणजे उड्डाणाच्या कामावरून दूर ठेवले. चौकशी होईपर्यंत ते रीतसरच. पण वाचकाच्या मनात निकाल तिथेच लागतो. (त्याआधी बरोबर ४७ वर्षांपूर्वी, याच तारखेला, स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धुक्यात धावपट्टीवर टॅक्सी करणाऱ्या जम्बोवर उड्डाणासाठी सुसाट निघालेले दुसरे जम्बो आदळून ५८३ माणसे गेली होती. जमिनीवरची टक्कर किरकोळच असते, असे म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.)

मुळात वैमानिकाला दिसते काय? एअरबस ए-३५० सारख्या मोठ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत जवळजवळ ६५ मीटर भरतात आणि टोके कॉकपिटच्या बरीच मागे असतात. पंख मागे झुकलेले असल्याने वळताना बाहेरचे टोक, सरळ जाताना व्यापते त्याहून अधिक जागा व्यापते. कित्येक मोठ्या विमानांत कॉकपिटची खिडकी उघडून डोके बाहेर काढल्याखेरीज ते टोक दिसतच नाही. इंजिने चालू असताना हे कोण करणार?

म्हणून वैमानिक विसंबतो तो जमिनीवर रंगवलेल्या मध्यरेषेवर. चाके रेषेवर ठेवली की पंखाला पुरेशी जागा मिळणार, असा हिशेब. पण समोरच्या आडव्या टॅक्सीवेवरचे (धावपट्टीकडे ये-जा करण्याच्या रस्त्यावरचे) विमानही नेमक्या जागी उभे असेल, हे त्यात गृहीत धरलेले असते. ते थोडे मागेच थांबले, शेपूट या बाजूला उरली, की रेषा पाळूनही गाठ पडते. टॉवरमधल्या कंट्रोलरला एवढ्या लांबून दोन-चार मीटरची फट नजरेने जोखता येत नाही. आणि आकाशात टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा जमिनीवर या कामाची नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये अटलांटाला डेल्टाच्या ए-३५० चा पंख टॅक्सीवेवर उभ्या असलेल्या लहान जेटला लागला आणि त्या जेटची अख्खी शेपूट मोडून आडवी झाली. २०११ मध्ये न्यूयॉर्कला एअर फ्रान्सच्या ए-३८० ने एका लहान विमानाला मागून असा फटका दिला, की ते प्रवाशांसकट जागच्या जागी गरकन फिरले. दोन्ही वेळा ‘जीवितहानी नाही’. लांबच्या उड्डाणाला निघालेल्या अशा विमानात लाखभर लिटरच्या घरात इंधन असू शकते आणि त्यातले बरेचसे पंखांतच असते, हे त्या चार ओळींत मावत नाही.

यावर उपाय कुणाला सुचला नाही, असेही नाही. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ मध्येच शिफारस केली होती, की ज्या मोठ्या विमानांत पंखांची टोके कॉकपिटमधून नीट दिसत नाहीत, त्यांवर कॅमेऱ्यासारखी साधने बसवावीत. शिफारस शिफारसच राहिली. तंत्र काही नवे नव्हते. बोइंग ७७७-३०० सारख्या लांबलचक विमानांत चाकांवर नजर ठेवणारे कॅमेरे तेव्हाही होते. खर्चाचे कारण मला पटत नाही. मोडलेला पंख, हँगरमध्ये अडकून पडलेले विमान आणि खोळंबलेले प्रवासी हाही खर्चच. वैमानिकाने पडद्यात पाहायचे की बाहेर, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्यावर अंतर घटताच आवाजाने सावध करणारी सोय हवी.

वैमानिक नेहमीच निर्दोष असतो, असे मला म्हणायचे नाही. मिलानच्या लिनाते विमानतळावर ८ ऑक्टोबर २००१ रोजी धुक्यात एक छोटे विमान चुकीच्या टॅक्सीवेने थेट धावपट्टीवर आले आणि ११८ जीव गेले. वाट वैमानिकांचीच चुकली होती. पण तिथले ग्राउंड रडार (जमिनीवरची विमाने दाखवणारे) बंद होते आणि खुणा-फलक अपुरे होते, हे चौकशीमुळेच उजेडात आले.

आपल्याला विनंती एवढीच, की अशी बातमी छापल्यावर चौकशी अहवालाचाही पाठपुरावा करावा. थांबलेले विमान नेमके कुठे उभे होते, त्या टॅक्सीवेवर केवढ्या पंखांच्या विमानांना परवानगी होती आणि कंट्रोलरने काय सूचना दिली होती, हेही छापून यावे.

आपला,
एक नियमित वाचक